अपघात शिनोळीत, दवाखाना बेळगावात: भरपाईची केस कुठं आणि कशी घालायची?

सुळगेकर
धाकट्या भावाबद्दल विचारतोय. वय ३४, फरशी बसवायची कामं करतो. दोन आठवडे होत आले, संध्याकाळी शिनोळीहून बाचीकडे मोटारसायकलवरून येत होता. मागे त्याच्या कामावरचा पोरगा बसलेला. समोरून उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करत एमएच ०९ पासिंगची कार आली आणि उजव्या बाजूला धडकली. जागा महाराष्ट्र हद्दीतली, चंदगड पोलिसांकडची. ॲम्ब्युलन्सनं मात्र बेळगावात आणलं. उजव्या गुडघ्याला लागून नळीचं हाड फुटलंय, ऑपरेशन करून प्लेट घातली. आतापर्यंत एक लाख ऐंशी हजार गेले. मागच्या पोराचं मनगट मोडलंय.

फिर्याद अजून दिलेली नाही. दवाखान्यातून एमएलसी पोलिसांना गेलीय म्हणतात. कारवाला रोज फोन करतो, 'पोलिसात जाऊ नका, साठ हजार देतो' म्हणतो, स्टँप पेपरही करून ठेवलाय. हेल्मेट होतं, पण भावाच्या लायसन्सची मुदत संपलेली. पगाराची स्लिप वगैरे काही नाही, रोजानं काम. केस बेळगावात चालेल का महाराष्ट्रात जावं लागेल? लायसन्समुळं सगळं बुडेल का?

काळा_कोट
आधी फिर्याद द्या, बाकीचं नंतर.

एमएलसी म्हणजे फिर्याद नव्हे. दवाखान्यानं पोलिसांना दिलेली ती नुसती वर्दी. ती दवाखाना ज्या ठाण्याच्या हद्दीत आहे तिथं जाते. तिथून जिल्हा आणि राज्य ओलांडून चंदगडला पोचायची असते आणि नेमकी याच टप्प्यावर पडून राहते. तुमच्यासारख्या सीमेवरच्या प्रकरणांत हे नेहमीचं. दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागातून एमएलसीचा नंबर आणि तारीख लिहून घ्या आणि ते घेऊन थेट चंदगडला जा. भाऊ हलू शकत नसेल तर तुम्ही किंवा मागे बसलेला पोरगा फिर्याद देऊ शकतो. बेळगावच्या ठाण्यातही देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, फिर्याद घ्यावी लागते. ती शून्य नंबरनं नोंदवून चंदगडला पाठवतात. फक्त पुन्हा तोच प्रवास, म्हणून स्वतः गेलेलं बरं.

फिर्यादीत वेळ, ठिकाण, दोन्ही गाड्यांची दिशा, कारचा पूर्ण नंबर, 'ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना कार आमच्या बाजूला आली' हे वाक्य आणि उशिराचं कारण (ऑपरेशनची तारीख घालून) एवढं यायलाच हवं. उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळू नये असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगितलंय. पण उशिराचं कारण कुठंच लिहिलेलं नसेल तर विमा कंपनीचा वकील पहिला मुद्दा तोच काढतो: या कारचं नाव नंतर खोटंच गोवलं.

आता एक गोष्ट आजच बघून या. कॅज्युअल्टीत दाखल करताना केस पेपरवर 'अपघात कसा झाला' म्हणून एक ओळ लिहितात. पेशंट बेशुद्ध किंवा कळवळत असतो आणि सोबतचा कोणीतरी 'गाडीवरून पडला' म्हणून सांगतो. दोन वर्षांनी कंपनी तोच कागद कोर्टात मागवून घेते.

लायसन्सचं म्हणाल तर त्यावाचून दावा बुडत नाही. मुदत संपली म्हणून धडक बसली, असं होत नाही. निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावा लागतो. पोलीस भावावर मोटार वाहन कायद्याखाली वेगळा दंड लावतील, तो भरा. मात्र बेदरकार चालवल्याचं कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं २८१, भावावरही लावलं असेल तर 'दंड भरून मोकळं होऊ' म्हणून गुन्हा कबूल करू नका. ती कबुली भरपाईच्या केसमध्ये तुमच्याच विरोधात हजर होते.

हुक्केरीचा_जुना
स्टँप पेपरवर सही नको. कारवाला भला असेल, पण त्याच्या खिशातून काही जायचंच नाही. गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर शारीरिक इजेची भरपाई कंपनी देते आणि तिला रकमेची मर्यादा नाही. त्याला भीती आहे ती फौजदारी केसची. 'आमची काही तक्रार नाही, स्वतःच्या चुकीनं पडलो' असली ओळ त्या कागदात हमखास असते आणि तेवढ्यासाठीच तो कागद असतो. साठ हजारात तुमचा आतापर्यंतचा दवाखानाही निघत नाही, पुढं प्लेट काढायचं ऑपरेशन आहे ते वेगळंच.

विमा चालू आहे का ते परिवहनच्या ॲपवर कारचा नंबर टाकून बघा आणि स्क्रीनशॉट ठेवा. अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती का हे बघायचं, आज आहे का हे नव्हे. विमाच नसेल तर लगेच इथं सांगा. मग कार पोलिसांच्या ताब्यातून सुटायच्या आत तारणासाठी अर्ज करावा लागतो, सुटल्यावर मालकाच्या मागे फिरणं आलं.

सुळगेकर
विमा चालू आहे, पॉलिसी मार्चपर्यंत. पण केस पेपरात खरंच 'बाईक स्किड होऊन पडला' असं लिहिलंय. डॉक्टरांना सांगून दुरुस्त करून घेऊ का?

काळा_कोट
नको, खाडाखोड तर अजिबात नको. खोडून वर लिहिलेली ओळ मूळ चुकीपेक्षा जास्त घातक. भावाला बोलता येतंय ना? मग पोलिसांच्या जबाबात स्पष्ट येऊ दे की दाखल करताना माहिती दुसऱ्यानं दिली, मी शुद्धीत नव्हतो किंवा मला विचारलं नाही. जे खरं असेल ते. त्याच्या जोडीला धडक दाखवणारे कागद उभे करायचे. १०८ची गाडी आली असेल तर तिच्या फेरीची नोंद मागवा. कर्नाटकाची आणि महाराष्ट्राची १०८ सेवा वेगवेगळी आहे, तेव्हा गाडी कुठली होती ते आधी विचारून घ्या, नाहीतर चुकीच्या ठिकाणी अर्ज जाईल.

घटनास्थळाच्या पंचनाम्यात काचांचे तुकडे रस्त्याच्या कुठल्या बाजूला पडले होते हे आलं पाहिजे. इतक्या दिवसांनी जागेवर काही राहिलं नसणार, म्हणून त्या संध्याकाळी कोणी मोबाईलवर फोटो काढले असतील तर मूळ फाईल जपा, व्हॉट्सॲपवरून आलेली नव्हे. शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीतल्या गेटवर, दुकानांवर कॅमेरे असतात. बऱ्याच ठिकाणी पंधरा ते तीस दिवसांत जुनं पुसून नवं चढतं. तपास अधिकाऱ्याला आजच लेखी अर्ज द्या की अमुक गेटचं चित्रण जप्त करावं आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

दवाखान्याच्या जखम प्रमाणपत्रात 'गंभीर' लिहिलंय का तेही बघा. हाड मोडणं कायद्यानंच गंभीर दुखापत आहे. तिथं 'साधी' पडलं तर कलम खाली येतं आणि भरपाईवरही परिणाम होतो.

गडहिंग्लजकर
केस गडहिंग्लजला घाला असं मी म्हणेन. अपघात चंदगड तालुक्यातला, तपास अधिकारी जवळ, सगळे पोलीस कागद मराठीत. बेळगावला घातलीत तर एकेका पानाचं भाषांतर करत बसावं लागेल. शिवाय अपिलाला आता कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, ऑगस्ट २०२५ पासून. बेळगावचं अपील धारवाडला.

वाकडी_वाट
कायदा दोन्हीकडं परवानगी देतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(२) प्रमाणे अपघात झाला तिथं, जखमी राहतो किंवा धंदा करतो तिथं, नाहीतर समोरचा राहतो तिथं, यांपैकी कुठल्याही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज चालतो.

माझं मत बेळगाव. अशा केसमध्ये तपास अधिकाऱ्याला साक्षीला बोलवायची वेळ क्वचित येते. दोषारोपपत्राच्या प्रमाणित प्रतींवर काम भागतं. अडतं ते डॉक्टरांवर. अपंगत्वाचं प्रमाणपत्र नुसतं दाखल करून चालत नाही, डॉक्टरांनी पिंजऱ्यात उभं राहून ते सांगावं लागतं, उलटतपासणी द्यावी लागते. ओपीडी सोडून बेळगावचा हाडांचा डॉक्टर गडहिंग्लजला जाईल का? बेळगावातल्या कोर्टात आणतानाच तीन तारखा जातात. भाषांतर म्हणाल तर फिर्याद, पंचनामा, दोषारोपपत्र अशी पंचवीस-तीस पानं होतात. कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडायचं, मूळ मराठी सोबत ठेवायचं. हा खर्च एकदाच होतो.

एक पेच मात्र आहे. २०२२ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत आणि सविस्तर ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडं पाठवायचा असतो. चंदगड पोलीस तो त्यांच्या हद्दीतल्या न्यायाधिकरणाकडंच पाठवणार आणि तिथं तुमच्या नकळत केसचा एक नंबर पडलेला असतो. बेळगावला अर्ज करताना त्या अहवालाचा उल्लेख करा, तो इकडं वर्ग करावा अशी विनंती जोडा. दोन ठिकाणी दोन केसेस चालू दिसल्या की कंपनी त्याचं भांडवल करून वर्षभर वेळ काढते.

मुदत सहा महिन्यांची आहे, १ एप्रिल २०२२ पासून. त्या मुदतीला आव्हान दिलेलं आहे आणि उशिरा आलेले अर्ज तेवढ्या कारणावरून फेटाळू नका असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलाय. पण त्या भरवशावर राहू नका. दोषारोपपत्राची वाट बघत बसायची गरज नाही, फिर्यादीवर अर्ज दाखल होतो, बाकीचे कागद मागून जोडता येतात.

सुळगेकर
बेळगावच ठरवतो. आता मुख्य प्रश्न, किती मिळतील? एक जण दहा लाख म्हणतो, एक जण दोन.

टक्केवारी
दोघंही बरोबर असू शकतात. सगळा फरक अपंगत्वाचे टक्के कोण कसे धरतो यात आहे.

आधी मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ बाजूला ठेवा. त्यात कोणाची चूक हे न बघता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. पण ते घेतलं की १६६ चा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून मागायचा, दावा करता येत नाही. तुमच्या भावाचं वय आणि काम बघता १६६ च धरा.

हिशेब असा असतो. समजा न्यायाधिकरणानं महिना १६,००० उत्पन्न धरलं. वर्षाचे १,९२,०००. याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं, म्हणजे गुणकानं, गुणतात; ३१ ते ३५ वयाला गुणक १६ (२००९ च्या सरला वर्मा निकालातला तक्ता). म्हणजे ३०,७२,०००. आता याच्या किती टक्के? डॉक्टर लिहितात 'उजव्या पायाचं ३० टक्के अपंगत्व'. ते एका अवयवाचं झालं. कर्नाटकात साधारण त्याचा एक तृतीयांश संपूर्ण शरीराचा धरतात, म्हणजे १० टक्के. हातात येतात ३,०७,२००.

पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालाप्रमाणे बघायचं असतं ते कमाईचं नुकसान, शरीराचे टक्के नव्हेत. गुडघ्याचं तेच फ्रॅक्चर खुर्चीवर बसून हिशेब लिहिणाऱ्याला १० टक्के नडतं. फरशी बसवणारा दिवसभर उकिडवा किंवा गुडघ्यावर बसूनच काम करतो. गुडघा नव्वद अंशांच्या पुढं वळत नसेल तर त्याचा धंदाच गेला. हे टक्के २० धरले गेले तर रक्कम ६,१४,४००. त्यावर चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाला भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के (प्रणय सेठी निकाल, २०१७) मिळाले तर ८,६०,१६०. ती वाढ जखमींच्या केसमध्ये सरसकट देत नाहीत, त्यासाठी भांडावं लागतं. अपंगत्व गंभीर असल्याचं पटलं तर मिळते.

म्हणून डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात टक्के एवढंच नको. गुडघा किती अंश वळतो, उकिडवं बसता येतं का, ओझं घेऊन जिना चढता येतो का, पाय किती आखूड झाला, हे लेखी यायला हवं. आणि ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनीच दिलेलं असावं. कोर्टाबाहेर फक्त प्रमाणपत्रं देणाऱ्या डॉक्टरचं काय होतं हे बेळगावच्या कुठल्याही वकिलाला विचारा. 'उपचार तुम्ही केले का?' या एका प्रश्नावर टक्के निम्म्यावर येतात. घाई करून आत्ताच प्रमाणपत्र काढू नका. हाड जुळल्यावर, साधारण सहा महिन्यांनी, नव्या एक्स-रेसह तपासणी करा.

या रकमेशिवाय दवाखान्याची बिलं, बिछान्यावर गेलेल्या महिन्यांची बुडालेली मजुरी, वेदना, जगण्यातल्या सुखाची हानी, सोबतीला राहणाऱ्याचा आणि प्रवासाचा खर्च, आणि प्लेट काढायचा पुढचा खर्च धरतात. त्या शेवटच्या खर्चाचा अंदाज दवाखान्याच्या लेटरहेडवर आत्ताच घ्या. औषधांच्या बिलावर पेशंटचं नाव आणि सोबत त्याच तारखेची चिठ्ठी हवी. नावाशिवायची कच्ची बिलं सरळ वजा होतात.

वाकडी_वाट
उत्पन्नाबद्दल जोडतो. पुरावा काहीच नसेल तर कर्नाटकात लोकअदालतीसाठी केलेला वर्षवार अंदाजी उत्पन्नाचा तक्ता लावतात, बहुतेक न्यायाधिकरणं तोच धरतात. कुशल कारागिराची खरी कमाई त्याच्या वर असते, पण ती दाखवावी लागते. भावाच्या फोनवर ठेकेदाराकडून आलेले पैसे, बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट, बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड असेल तर ते, आणि ठेकेदाराची प्रत्यक्ष साक्ष. ठेकेदाराचं नुसतं पत्र आणलं, तो स्वतः आला नाही, तर त्या पत्राला कोणी विचारत नाही. आणि पत्रात पन्नास हजार महिना लिहून घेऊ नका. बँकेत आठ हजार दिसत असतील तर आठचेही वांधे होतात. कामगार कार्ड असेल तर मंडळाच्या अपघाती मदतीचा अर्ज वेगळा करता येतो.

हुक्केरीचा_जुना
मागं बसलेल्या पोराचा अर्ज वेगळा करायचा, त्याचा नंबर वेगळा पडतो. दोन्ही एकत्र चालवून एकच निकाल देतात. त्याच्या केसमध्ये भावाची थोडी चूक निघाली तरी त्याचे पैसे कापत नाहीत, तो बसलेला होता, चालवत नव्हता. तो सगळी रक्कम कारच्या कंपनीकडून घेऊ शकतो. मात्र दोघांचे जबाब जुळू देत. एक म्हणतो ट्रॅक्टरच्या मागून आली, दुसरा म्हणतो वळणावरून आली, असं झालं की दोघंही अडकतात. ट्रॅक्टर सापडला नाही तरी हरकत नाही, दोन गाड्यांची मिळून चूक असेल तर एकीकडून सगळं वसूल करता येतं.

वकिलाबद्दल: मिळणाऱ्या रकमेच्या टक्क्यांवर फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमातच बसत नाही, तरी सर्रास चालतं. फी आकड्यात ठरवा, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही देऊ नका. परवडत नसेल तर बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० ला फोन करा. लोकअदालतीत मिटवायचं म्हणाल तर पैसे लवकर मिळतात, पण त्या निवाड्यावर अपील नाही. अपंगत्वाचे टक्के ठरायच्या आत तिथं बसू नका.

सुळगेकर
सगळं वहीत उतरवून घेतलं. दोन शेवटचे प्रश्न. मोटारसायकलच्या पॉलिसीत मालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा आहे, तो मिळेल का? आणि गाडी गॅरेजला टाकलीय, मेस्त्री विचारतोय काम सुरू करू का.

काळा_कोट
पंधरा लाखांचा तो विमा मृत्यू, हात-पाय किंवा डोळा जाणं, नाहीतर कायमचं संपूर्ण अपंगत्व एवढ्यासाठीच. फ्रॅक्चरला त्यातून काही मिळत नाही. आणि लायसन्सची मुदत तिथं मात्र आडवी येते.

मेस्त्रीला आत्ताच फोन करा, गाडीला हात लावू देऊ नका. मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल व्हायचा आहे. उजवा फूटरेस्ट वाकलेला, टाकीला उजवीकडून खड्डा, पुढचा काटा मागं गेलेला, हीच 'स्किड होऊन पडला'ला उत्तरं आहेत. घसरून पडलेल्या गाडीला ओरखडे असतात, चेपा नसतो. चारी बाजूंनी फोटो काढा, नंबर प्लेट दिसेल असे, आणि सुटे झालेले भाग पिशवीत घालून गाडीसोबतच ठेवा. निरीक्षण झाल्यावर पोलिसांकडून लेखी सोडवून घ्या, मग मेस्त्रीकडं. दुरुस्तीचं बिल त्याच अर्जात मागता येतं.